'गुंतणे' वापरताना

तुमचं 'मी बँकेत पैसे गुंतले' हे वाक्य वाचलं. चूक छोटी आहे, पण आत्ताच सुधारा. गुंतणं आपोआप होतं: दोरा गुंतला, केस गुंतले, मी कामात गुंतलो (बाई म्हणेल 'गुंतले'). मुद्दाम करतो ते गुंतवणं. म्हणून 'मी पैसे गुंतवले', 'मी रक्कम गुंतवली'. इथे क्रियापद 'मी'कडे पाहत नाही, पैशांकडे आणि रकमेकडे पाहतं. ज्याला गुंतवतो त्या शब्दाला 'ला' किंवा 'ना' लागला की मात्र ते नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं: 'मुलांना खेळात गुंतवलं'.

'अडकणे' वेगळं. ट्रॅफिकमध्ये आपण अडकतो, गुंतत नाही. ओढणी चाकात अडकते, पाय चादरीत गुरफटतो. धागे एकमेकांत शिरले, कुठला कुठे जातो कळेना, की तो गुंता. आणि गुंता सोडवायचा असतो, 'उघडायचा' नाही.

माझं सगळ्यात आवडतं वाक्य म्हणजे 'तिचा जीव लेकरात गुंतलाय'. इथे 'अडकलाय' म्हटलं तरी चालतं, पण त्यात सुटायची धडपड ऐकू येते. 'गुंतलाय'मध्ये माया आहे. हा फरक कानाला कळेपर्यंत आसपासच्या बायकांचं बोलणं ऐकत राहा.