लोह कमी येतंय? आधी दुसरं तापमान टाकून बघा

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. एनजीसी ४६३६ ही दीर्घिका, चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीचा डेटा, एकच एपेक (एकाच तापमानाच्या उष्ण वायूच्या वर्णपटाचं मॉडेल), तापमान ०.७ केईव्ही (इथे तापमानही ऊर्जेच्या एककात मोजतात), लोह सूर्याच्या पावपट. आणि शेवटी प्रश्न, "एवढ्या म्हाताऱ्या ताऱ्यांच्या दीर्घिकेत लोह गेलं कुठे?" हाच प्रश्न मी एनजीसी ५०४४ या दीर्घिकेबद्दल आठ महिने उराशी धरून बसलो होतो. शोध लागला असं वाटायचं.

डेटाची साफसफाई (रीप्रोसेसिंग, फ्लेअर काढणं, पॉइंट सोर्स वगळणं) तुम्ही केलीच असेल, त्यात शिरत नाही.

लोह कुठेही गेलेलं नाही, मॉडेल चुकतंय. या वायूच्या वर्णपटात लोहाच्या एल-रेषांचा गठ्ठा ०.७ ते १.२ केईव्हीच्या पट्ट्यात येतो आणि दुर्बिणीच्या सीसीडी कॅमेऱ्याला त्या रेषा सुट्या दिसत नाहीत, एकच उंचवटा दिसतो. तापमान बदललं की उंचवट्याचं शिखर सरकतं. तुम्ही ज्या वर्तुळातून वर्णपट काढलात त्यात थंड आणि गरम असा दोन्ही वायू असेल (केंद्रात असतोच, शिवाय पुढचा-मागचा बाहेरचा वायूही त्याच रेषेत येतो), तर दोन उंचवटे मिसळून एक पसरट टेकाड तयार होतं. एका तापमानाच्या मॉडेलला ते जमत नाही. मग ते खालचं सलग उत्सर्जन फुगवून दोन्ही खांदे भरून काढतं. पाया फुगला की त्याच्या तुलनेत रेषा बारीक ठरतात, म्हणजेच लोह घटतं. तापमान मात्र अगदी शहाण्यासारखं येतं, म्हणून शंकाही येत नाही.

ही काही नवी गोष्ट नाही. अॅस्का या जुन्या क्ष-किरण उपग्रहाच्या काळात सगळ्यांनाच असं कमी लोह मिळत होतं आणि १९९८ मध्ये ब्युओट आणि फेबियन यांनी दोन तापमानं घालून ते सूर्याच्या जवळपास आणून दाखवलं. मी ते वाचलं होतं. "चंद्राचं रिझोल्यूशन एवढं बारीक आहे, आपल्याला काय गरज" असं स्वतःलाच समजावलं होतं. शेवटी परीक्षकाने एका ओळीत विचारलं, दुसरं तापमान घालून पाहिलंत का? घातलं. एक ०.७ च्या आसपास, दुसरं १.४ च्या. लोह जवळपास सूर्याएवढं. संध्याकाळच्या चहाआधी शोध संपला.

खरी किंमत पुढे मोजली. मी पीएचडीचं शीर्षकच "...लोहाची कमतरता" असं नोंदवून ठेवलं होतं! कमतरताच उरली नाही, तर शीर्षक बदलायला नको का? विद्यापीठाच्या एका विभागात (नाव घेत नाही, अजून तिथून एक दाखला यायचाय) "शीर्षक बदल" असा अर्ज दिला. तो नावबदलाच्या फायलीत गेला आणि माझ्याकडे राजपत्राची प्रत मागितली. मी म्हटलं, साहेब, माझं नाव तेच आहे. तर म्हणे, मग बदलताय काय? आरआरसीच्या (पीएचडीचे विषय मंजूर करणाऱ्या समितीच्या) दोन बैठका यात गेल्या. तेव्हा शीर्षक सैल ठेवा. "उष्ण वायूचा अभ्यास" एवढं पुरतं, निष्कर्ष त्यात कोंबू नका.

आता माझं मत, पटलं तर घ्या. दुसरं एपेक घाला, दोघांचं लोह एकमेकांना बांधा. सुट्या न दिसणाऱ्या क्ष-किरण जोडताऱ्यांसाठी एक पॉवर-लॉ किंवा ७ केईव्हीचं ब्रेम्स (दोन्ही सलग उत्सर्जनाची मॉडेल्स) हवंच, नाहीतर त्यांचे फोटॉनही वायूच्या खात्यात जमा होतात. पार्श्वभूमी त्याच चिपच्या कोपऱ्यातून घेतली असेल तर थांबा. एवढ्या जवळच्या दीर्घिकेचा वायू त्या कोपऱ्यातही असतो, तुम्ही दीर्घिकेतून दीर्घिकाच वजा करताय. ब्लँक-स्काय, म्हणजे रिकाम्या आकाशाची वेगळी निरीक्षणं, वापरा.

दोन तापमानं म्हणजे अंतिम सत्य, असं मी म्हणत नाही. खरा वायू बहुधा बऱ्याच तापमानांचा असतो, आणि फोटॉन कमी असले तर दुसरा घटक नुसता गोंगाटही पकडतो. अंधूक दीर्घिकांबद्दल तर मी बोलणारच नाही, तिथे माझा अनुभव शून्य.

आणि लोहाचं ते ०.२५ कोणत्या अबंड तक्त्यावर (सूर्यातल्या मूलद्रव्यांच्या प्रमाणांच्या तक्त्यावर) आहे? एक्सस्पेक हे फिटिंगचं सॉफ्टवेअर काही न सांगता १९८९ चा अँडर्स-ग्रेव्हेस घेतं. २००९ चा आस्प्लुंड लावलात तर लोहाचा आकडा तेवढ्यानेच सुमारे दीडपट होतो. नवा फिट टाकाल तेव्हा तक्त्याचं नावही लिहा.