छापील अंकात फोटोओळी कशा लिहाव्यात आणि कुठे, किती आकारात लावाव्यात?

तुमच्या संस्थेचा पहिलाच छापील अंक निघतोय, चाळीसेक फोटो आहेत. फोटोओळी फोटोवर टाकायच्या की खाली, किती पॉइंटात, आणि त्यात लिहायचं तरी काय, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं मासिकांची मांडणी करते, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

आधी मजकुराचं बघू. पान उघडलं की नजर फोटोवर जाते, तिथून खालच्या ओळीवर, आणि लेख वाचायचा की पान उलटायचं हे पुष्कळदा तिथंच ठरतं. तरीही फोटोओळ लिहिली जाते सगळ्यात शेवटी, घाईत. मग 'कार्यक्रमाला उपस्थित मान्यवर' असं काहीतरी पडतं. माणसं बसलेली आहेत हे फोटोत दिसतंच आहे. जे दिसत नाही ते सांगा. समजा, सभेच्या फोटोत पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी आहे. 'ही खुर्ची पहिल्या ग्रंथपाल बाईंची. सभेच्या महिनाभर आधी त्या गेल्या. जागा मुद्दाम रिकामी ठेवली होती.' एवढं वाचलं की वाचक पुन्हा वर फोटोकडे बघतो. तो पुन्हा वर गेला तर ओळ जमली असं मी धरते.

जुना फोटो असेल तर साल द्याच. गटाच्या फोटोत 'डावीकडून' लिहून सगळी नावं क्रमाने द्या. इथे मी एकदा चांगलीच चुकले आहे. नावं लिहून झाल्यावर जागा कमी पडली म्हणून फोटोची डावी कड थोडी कापली. त्या कडेचे गृहस्थ गेले, नाव मात्र राहिलं, आणि पुढची सहाही नावं एकेक माणूस सरकली. अंक छापून आल्यावर एका आजींनी आपल्या चेहऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "ही मी, मग नाव दुसऱ्याचं कसं?" तेव्हापासून फोटोची काटछाट पूर्ण झाल्याशिवाय मी नावं लिहीत नाही.

आता आकार. लेखाचा मजकूर 11 पॉइंट असेल तर फोटोओळ 9 च्या आसपास ठेवा. इंग्रजी अंकांत 7 किंवा 8 पॉइंट सर्रास चालतो, पण आपल्या लिपीत वर मात्रा-रफार, खाली उकार आणि मधे जोडाक्षरं. त्या आकारात 'द्व' आणि 'द्ध' वेगळे ओळखू येत नाहीत. ओळींमधलं अंतरही जरा सैल हवं, 9 पॉइंटच्या अक्षरांना एका ओळीच्या तळापासून पुढच्या ओळीच्या तळापर्यंत साधारण 13 पॉइंट. वेगळेपणासाठी अक्षरं तिरकी करू नका. बहुतेक देवनागरी फाँटमध्ये खरा तिरका प्रकार नसतो, सॉफ्टवेअर सरळ अक्षरंच ढकलून वाकडी करतं. त्यापेक्षा ठळक वजन किंवा लेखापेक्षा वेगळा फाँट घ्या.

फोटोवर पांढरी अक्षरं टाकायचा मोह टाळा, हे मी अगदी कळकळीनं सांगते. चार रंगांच्या छपाईत प्रत्येक रंगाची शाई वेगळ्या प्लेटवरून कागदावर उतरते, आणि पांढरं अक्षर म्हणजे शाई न लागलेली जागा. एखादी प्लेट केसभर सरकली किंवा कागदानं शाई पसरू दिली की ती जागा बुजते, आणि पहिला बळी बारीक मात्रांचा. फोटोखाली पांढऱ्या कागदावर निव्वळ काळ्या शाईत छापलेली ओळ एकाच प्लेटवर असते, तिला हा धोका नाही.

ओळ तिच्या फोटोला चिकटून असू द्या: वरचं अंतर दोन-तीन मिलिमीटर, खालचं त्याच्या दुप्पट तरी. दोन्ही सारखी ठेवली तर ओळ वरच्या फोटोची की खालच्या, हे कळत नाही. अरुंद स्तंभात दोन्ही कडा जुळवू नका, शब्दांमधे भोकं पडतात. डावी कड सरळ पुरे. छायाचित्रकाराचं नाव शेवटी, लहान अक्षरात, पण न विसरता.

पडद्यावर पान मोठं करून सगळंच छान दिसतं. एक पान खऱ्या आकारात छापून घ्या आणि अंकातल्या सगळ्यात वयस्क वाचकाला वाचायला द्या. शेवटच्या प्रुफावर लेख बाजूला ठेवून फक्त फोटोओळी वाचा, एक बोट नावावर आणि दुसरं चेहऱ्यावर ठेवून. चाळीस फोटोंना तासभर लागेल.