पानं पिकतात आणि पानं रंगतात

बॉस्टनजवळ राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मुलीनं मराठी शाळेच्या निबंधात लिहिलं, 'सप्टेंबरच्या शेवटी पानगळ सुरू झाली आणि आम्ही ती बघायला व्हरमाँटला गेलो.' बाईंनी 'पानगळ'खाली रेघ मारून 'शरद ऋतू' लिहिलं. बरोबर कोण? आणि अमेरिकेतल्या या डोंगराळ राज्यात गळण्याआधी पानं लाल-पिवळी होतात, तिथले लोक ज्याला 'फॉल कलर्स' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं?

पंचांगाच्या हिशोबानं बाईंचं बरोबर आहे. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र सारखे होतात त्याला खगोलशास्त्रात शरद संपातच म्हणतात. पण शरद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं कोजागरीचं चांदणं, निवळलेलं नदीचं पाणी, कापणीला आलेलं भात. झाडं तेव्हा हिरवीगार असतात. आपल्याकडे पानं झडतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. 'शरद' ऋतूचं नाव सांगतो, पानांविषयी काहीच बोलत नाही.

'पानगळ' मला वेगळ्या कारणानं अपुरा वाटतो. तो शब्द शेवटाचा आहे. ('पानझड'ही ऐकू येतो, अर्थ तोच.) आपल्या कवितेत पानगळ आली की विरह येतो, म्हातारपण येतं. व्हरमाँटच्या डोंगरांत लोक गाड्या काढून जातात ते पानं गळताना बघायला नव्हे, तर गळण्याआधीचे दोन-तीन आठवडे बघायला. त्या आठवड्यांत दुःख कुठेच नसतं. सफरचंदं तोडायची, भोपळे आणायचे, अशा दिवसांना 'पानगळ' म्हटलं की सणाच्या दिवशी सुतकाचा शब्द उच्चारल्यासारखं होतं.

'पानांनी रंग बदलला' हे वाक्य व्याकरणात बसतं, पण मराठीत रंग बदलतो तो सरडा, आणि सरड्यासारखी माणसं. झाडावर तो आळ कशाला?

माझी आई रत्नागिरीकडची. पहिल्यांदा ऑक्टोबरात अमेरिकेत आली तेव्हा लालभडक रेड मेपल बघून म्हणाली, "अगो, ह्याला पालवी फुटली की काय?" तिची चूक नव्हती. आपल्याकडे झाडाचा तांबडेपणा बहुधा जन्माचा असतो. कुसुंबाची कोवळी पानं मार्चमध्ये लालबुंद निघतात, पिंपळाची तांबूस असतात, आंब्याचीसुद्धा. उलट सागाचं जुनं पान पिवळटतं, करपतं आणि कुरकुरत खाली येतं. गळण्यापूर्वी लाल होणारं ओळखीचं झाड म्हणजे आपला देशी बदाम, तोही एकटादुकटा. मग शेजारच्या पिवळ्याधमक बर्चकडे बघून आई म्हणाली, "हा मात्र पिकलाय हो."

मला त्या दिवशी शब्द सापडला. मराठीत पान पिकतं. विड्याचं पान पिकतं, केस पिकतात, आंबा पिकतो, शेत पिकतं. संस्कृत 'पक्व'पासून आलेल्या या क्रियापदात वय आहे, पण कमीपणा नाही. पिकलं पान गळणारच हे आपण जाणतो, तरी 'पिकणे' म्हणजे तयार होणे. इंग्रजीतही या ऋतूचं जुनं नाव 'हार्वेस्ट' होतं. 'ऑटम' आणि 'फॉल' नंतर रुळले. जर्मन 'हेर्ब्स्ट' हा त्याच 'हार्वेस्ट'चा भाऊ. म्हणजे सुगीच. पीक आणि पिकणं त्यांनीही एका जागी बांधलं होतं.

लाल पानांना मात्र 'पिकली' म्हणवत नाही. त्यांच्यासाठी 'रंगली' आहे. मेंदी रंगते, विडा रंगतो, मैफल रंगते. रंगण्यात आनंद आहे. आणि गंमत अशी की हा भेद झाडाच्या आतही खरा आहे. दिवस लहान होऊ लागले की पानातलं हरितद्रव्य मोडतं, आणि त्याखाली आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. बर्च, हिकरी, ॲस्पेन असे पिकतात. लाल रंग मात्र पानात आधी नसतो. उन्हाचे दिवस आणि थंड रात्री मिळाल्या की पानात साठलेल्या साखरेपासून तो नव्यानं तयार होतो. रेड मेपल खरोखरच रंगतो. शुगर मेपलच्या एकाच फांदीवर पिवळा, नारिंगी, लाल असं सगळं दिसतं. तिथं दोन्ही क्रियापदं चालतील.

जपानीत पानांच्या या रंगण्यासाठी जुनं स्वतंत्र क्रियापद होतं, त्यातूनच रंगलेल्या पानांसाठीचा 'मोमिजी' हा शब्द आला. आपल्याला नवा शब्द घडवायची गरज नाही, दोन घरचेच आहेत. नाम हवंच असेल तर मी 'पानरंग' म्हणेन, पण क्रियापद मला जास्त जिवंत वाटतं.

तेव्हा ताई, मुलीला असं लिहू द्या: 'सप्टेंबरच्या शेवटी व्हरमाँटमध्ये बर्च पिकायला आणि मेपल रंगायला लागले, म्हणून आम्ही बघायला गेलो.' 'पानगळ' तिनं नोव्हेंबरसाठी राखून ठेवावी. अंगणातली वाळकी पानं दाताळ्यानं ओढताना 'पाचोळा'ही शिकवा. माझी आई त्याला 'पातेरा' म्हणते, आणि तिकडे तो कागदी पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवलेला बघून तिला फार हळहळ वाटली होती, की एवढा पातेरा, आणि भाजावळीला, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, कुणी नेत नाही.