वाचकांचे प्रश्न : लिदीतून उगवणारं जंगल

मागच्या अंकात आम्ही एका ओळीत लिहून गेलो होतो की मोठे रानटी प्राणी झाडांच्या बिया पसरवतात. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आले की या वेळचं पूर्ण पान त्यालाच दिलंय. विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत, सांभाळून घ्या.

प्रश्न : माझा मुलगा विचारतोय की जनावराने फळ खाल्लं म्हणजे बी पण पोटात गेलं आणि पचलं, मग झाड कुठून येणार? मला नीट सांगता येत नाहीये.

त्याला सांगा की पोटात गेलेलं सगळं पचतंच असं नाही. हत्तीचंच घ्या ना, दिवसाला दीडशे किलोपर्यंत चारा खातो पण त्यातलं जेमतेम निम्मं अंगी लागतं, बाकीचं जवळपास तसंच बाहेर पडतं. हत्ती रवंथ करत नाही, बरीचशी फळं तर धड न चावताच गिळतो, त्यामुळे टणक कवचाची बी दाढांमधून सहीसलामत सुटते आणि मग दीड-दोन दिवस आतड्यातून प्रवास करून लिदीबरोबर खाली येते.

हत्तीच्या लिदीचा गोळा कधी बघायला मिळाला तर काडीने हळूच उकलून बघा. आत गवताचे धागे दिसतील, सालीचे तुकडे, पानांच्या शिरा, आणि मधूनच एखादी ओली गुळगुळीत बी, जिच्यावर गराचा कणसुद्धा शिल्लक नाही. पावसाळ्यात तोच गोळा काही दिवसांनी परत बघा, वरून काळपट झालेला असतो, शेणकिड्यांनी भोकं पाडून आतला माल जमिनीत ओढून नेलेला असतो, आणि एखाद्या फटीतून पांढरट कोंब डोकं वर काढत असतो. मुलाला हे एकदा दाखवलं की दुसरं काही सांगावं लागणार नाही.

पोटातल्या या प्रवासात बीचा फायदा पण होतो. चिकट गर राहिला तर त्यावर बुरशी येते, शिवाय कित्येक फळांच्या गरात बी रुजू न देणारी द्रव्यं असतात, तो गर निघून जातो. कवच जरासं झिजतं आणि पाणी आत शिरायला वाट मिळते. बाभळीच्या जातीच्या शेंगांमध्ये भुंगेऱ्याची अळी बी आतून पोखरत असते, पण शेंग लवकर खाल्ली गेली तर अळी पोटातच मरते आणि बी वाचतं. अर्थात सगळ्याच बिया वाचत नाहीत, काही दाढेखाली भरडल्या जातात, काही आतड्यात मरतात, आणि बाहेर पडलेल्यांतल्याही कितीतरी उंदीर-घुशी लीद उकरून खाऊन टाकतात. झाड मुळात एवढ्या बिया तयार करतं ते याच हिशोबाने.

प्रश्न : हे काम तर पक्षी आणि वटवाघळं करतातच की! मग मोठ्या प्राण्यांचं एवढं कौतुक कशाला?

करतात, आणि लहान बियांचं बरंचसं काम त्यांच्याच जिवावर चालतं. पण पक्ष्याच्या चोचीत आणि घशात जे मावेल तेच तो नेणार. मुठीएवढं फळ, त्यात अंड्याएवढी कोय, हे गिळायला तोंडच मोठं लागतं.

दुसरं म्हणजे अंतर. आफ्रिकेत काँगोच्या एनदोकी जंगलात अभ्यासकांनी जंगली हत्तींच्या (ही माळरानातल्या हत्तींपेक्षा वेगळी जात) लिदीचे ८५५ ढीग तपासले, त्यात ९६ पेक्षा जास्त जातींच्या बिया निघाल्या, आणि हत्ती कसे फिरतात त्याच्याशी हिशोब जुळवल्यावर काही बिया मूळ झाडापासून तब्बल ५७ किलोमीटरपर्यंत जाऊ शकतात असं दिसलं. दक्षिण आफ्रिकेत क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या माळरानातल्या हत्तींसाठी हाच आकडा ६५ किलोमीटरपर्यंत गेला. बहुतेक बिया एवढ्या लांब जात नाहीत, दोन-चार किलोमीटरच जातात, पण झाडासाठी तेही भरपूर झालं.

लांब जाण्याला एवढं महत्त्व का, तर आईच्या सावलीत पिल्लं जगत नाहीत. डॅनियल जॅन्झन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये, या दोघा परिसंस्था-अभ्यासकांनी, हे स्वतंत्रपणे मांडलं की त्या जातीच्या बियांवर जगणारे किडे आणि रोग मूळ झाडाभोवतीच दबा धरून असतात, त्यामुळे बुंध्याशी पडलेल्या हजारो बियांमधली एखादीच तगते. ब्राझीलमध्ये माराका बेटावर एका ताड जातीच्या झाडाबाबत हे अगदी स्वच्छ दिसलं. झाडाखालच्या बिया भुंगेरे संपवतात, आणि टॅपिर नावाचा तो डुकरासारखा दिसणारा, छोट्या सोंडेचा प्राणी त्याच बिया दोन किलोमीटरपर्यंत नेऊन आपल्या ठरलेल्या विष्ठेच्या जागी टाकतो, तिथे त्या वाचतात.

गेंड्याची गोष्ट तर मला फार आवडते. नेपाळच्या चितवनमध्ये ट्रेविया नावाचं झाड आहे, त्याची फळं कडक आणि मळकट हिरवी, पक्ष्याने वळून बघावं असं त्यांच्यात काहीच नाही. एकशिंगी गेंडा ती आवडीने खातो. गेंड्याची सवय अशी की तो विष्ठा कुठेही टाकत नाही, ठरलेल्या जागी येऊन टाकतो, कित्येकदा एकाच ढिगावर अनेक गेंडे येतात, आणि हे ढीग बऱ्याचदा उघड्या गवताळ भागात असतात. ट्रेवियाच्या रोपाला ऊन हवं असतं, सावलीत ते खुरटतं. म्हणजे बघा, आयतं खत आणि वर मोकळं आभाळ, रोपाला पाहिजे ते सगळं एकाच जागी, आणि तिथपर्यंत पोचवणारा दीड-दोन टनांचा प्राणी.

प्रश्न : हरणं, गवे हे तर रवंथ करणारे. ते सगळं चावून बारीक करत असतील ना?

बारीक बिया बऱ्याचदा आतून निघून जातात, पण मोठ्या आठळीची वेगळीच तऱ्हा असते. चितळाने आवळा खाल्ला की आठळी पोटाच्या पुढच्या कप्प्यात जाऊ शकत नाही कारण तिथली वाटच अरुंद असते, मग हरिण निवांत बसून रवंथ करायला लागलं की ती आठळी तोंडात परत येते आणि ते ती थुंकून टाकतं. म्हणजे बी लेंडीतून नाही तर तोंडातून बाहेर! म्हणून चितळांच्या बसायच्या जागी अशा स्वच्छ आठळ्या पडलेल्या सापडतात. नंतर त्या उन्हात वाळून तडकतात आणि आतल्या बिया बाहेर उडतात. भेकरही हेच करतं.

शिवाय अंगावरचा माल राहिलाच. कुसळं, गोखरूसारखी काटेरी फळं केसांत अडकून जातात, आणि रानडुक्कर चिखलात लोळून उठलं की त्या चिखलातल्या बिया अंगाला चिकटतात, मग ते लांब कुठेतरी झाडाला अंग घासतं तेव्हा त्या खाली पडतात. खायचा संबंधच नाही, नुसता फुकट प्रवास.

प्रश्न : यांच्यामुळे नको ती झुडपंही पसरतात असं ऐकलंय, खरं का?

खरं आहे. प्राण्याला देशी-परदेशी कळत नाही, गोड शेंग मिळाली की तो खाणार. विलायती बाभळीच्या शेंगा कच्छच्या छोट्या रणात रानगाढवं आणि नीलगायी खातात आणि तिचा फैलाव वाढतो. पण त्याचा दोष प्राण्याला देऊ नये असं मला मनापासून वाटतं, ते झुडूप तिथे आणून लावलं माणसाने.

प्रश्न : समजा हे मोठे प्राणी संपले तर जंगल काय लगेच संपणार आहे? झाडं तर उभीच राहतील.

उभी राहतील, आणि खरी फसगत तिथेच होते. दोनशे वर्षं जगणारं झाड त्याच्या बिया नेणारा प्राणी गेल्यावरही फुलतं, फळतं, लांबून बघणाऱ्याला जंगल हिरवंगार दिसतं. खाली वाकून बघितलं तरच कळतं की त्या जातीचं गुडघाभर उंचीचं एकही रोप आसपास नाही. वन्यजीव-अभ्यासक केंट रेडफर्ड यांनी १९९२ मध्ये अशा जंगलाला ‘रिकामं जंगल’ म्हटलं होतं, झाडं आहेत पण प्राणी नाहीत. मी हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हापासून तो डोक्यातून गेलेला नाही.

युगांडाच्या किबाले जंगलात हिंगणबेटाच्या कुळातलं एक झाड आहे, त्याची मोठाली फळं गिळू शकणारा हत्ती सोडून दुसरा कोणी नाही. हत्तीच्या पोटातून आलेलं बी तशाच पडून राहिलेल्या बीपेक्षा कितीतरी चांगलं रुजतं. आणि आफ्रिकेतल्या या जंगलात राहणाऱ्या जातीच्या हत्तींची संख्या २००२ ते २०११ या काळात सुमारे ६२ टक्क्यांनी घटली, मुख्यतः हस्तिदंतासाठीच्या शिकारीमुळे, २०२१ मध्ये त्यांची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. त्या झाडाचं पुढे काय होणार याचा अंदाज तुम्हीच करा.

मोठ्या बियांची झाडं बऱ्याचदा उंच आणि भारी लाकडाची असतात, म्हणजे जास्त कार्बन धरून ठेवणारी. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या जंगलाचा २०१५ मध्ये असा हिशोब मांडला गेला, त्यात मोठे फळखाऊ प्राणी गेल्यावर हळूहळू हलक्या लाकडाची झाडं जागा घेतात आणि जंगलाची कार्बन साठवायची ताकद कमी होते असं निघालं.

काही झाडं मात्र चिवट असतात. जॅन्झन आणि पॉल मार्टिन यांनी १९८२ मध्ये मांडलं की मध्य अमेरिकेतली काही मोठी, टणक फळं ज्या प्राण्यांसाठी घडली ते हत्तीसारखे आणि महाकाय स्लॉथसारखे प्राणी १० हजार वर्षांपूर्वीच नाहीसे झाले, झाडं मात्र अजून तशीच फळं धरतात, फळं झाडाखाली पडून कुजतात, आणि जी झाडं थोडीफार टिकली ती उंदरांसारख्या बी पुरून ठेवणाऱ्या प्राण्यांमुळे, पुराच्या पाण्यामुळे, नंतर आलेल्या घोडे-गुरांमुळे किंवा माणसामुळे. अ‍ॅव्होकॅडोही त्यातलाच मानतात. आपल्याकडच्या मोठ्या करमळाचं फळ तर जमिनीवर पडल्यावर सुरुवातीला इतकं कडक असतं की हत्तीसारख्यालाच फोडता येतं, दिवस जातात तसं ते मऊ होतं आणि माकडं-उंदरांनाही आतल्या बिया मिळतात. म्हणजे हत्तीची वाट बघायची, नाहीच आला तर दुसरी सोय. पण उंदीर बी काही मीटर नेणार, फार तर आणखी थोडं.

हाताने बिया लावता येणार नाहीत का, असंही याच वाचकांनी विचारलंय. लावता येतात आणि लावाव्यातही, पण ९६ जातींच्या बिया, खतासकट, रोज, रस्ता नसलेल्या जंगलात कोण टाकत फिरणार?

प्रश्न (इयत्ता सहावी) : अस्वल, बिबट्या असे प्राणी पण बिया पसरवतात का?

अस्वल तर भरपूर! ते मांसाहारी गटातलं असलं तरी फळांचं वेडं. जपानमधलं काळं अस्वल रानचेरी खातं आणि उन्हाळा सरकतो तसं डोंगर चढत जातं कारण वरची फळं उशिरा पिकतात. त्यामुळे चेरीच्या बिया मूळ झाडापेक्षा सरासरी ३०० मीटर वर पोचतात असं २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं, म्हणजे खाली उष्णता वाढत चाललीय आणि चेरी अस्वलाच्या पोटातून थंड जागी निघालीय.

बिबट्याबद्दल मला नक्की सांगता येईल असं नाही, पण त्याच्याच मांजर कुळातल्या प्यूमाचं ऐक. अर्जेंटिनात प्यूमा कवडे मारून खातो, कवड्याच्या पोटात आधीच दाणे असतात, आणि तेच दाणे प्यूमाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. त्याला बिचाऱ्याला कळतही नाही की तो पेरणी करतोय.