रजिस्टर घरी येतं, नुसती सही करू का?

प्रश्न: ताई नमस्कार, आमच्या झेडपी शाळेच्या व्यवस्थापन समितीत मला घेतलंय, मुलगी पाचवीत आहे. पण मीटिंग कधी होते तेच कळत नाही, रजिस्टर घरी येतं आणि सही करा म्हणतात. मुलींच्या टॉयलेटला पाणी नाही म्हणून कायम कुलूप, लेक पाण्याची बाटली भरलेली तशीच परत आणते. मिस्टर म्हणतात कशाला वाईटपणा घेतेस, सही करून मोकळी हो. माझं शिक्षण सातवी, मी तिथं जाऊन काय बोलणार?

उत्तर: मीटिंग न होता सही अजिबात करू नका, हे आधी सांगते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्यात, शाळेचं अनुदान कुठं खर्च झालं ते बघणं, शाळेचा विकास आराखडा करणं हे तुमचंच काम आहे आणि त्याला शिक्षणाची अट नाही. बाटली भरलेली परत येते हे वरच्या साहेबांना कुठल्या फॉर्ममधून कळणार हो, ते आईलाच दिसतं, म्हणून तर आई पाहिजे तिथं.

वाईटपणाचं म्हणाल तर एकट्या जाऊ नका, समितीतल्या दोघी-तिघी मिळून जा. मुख्याध्यापक समितीचे सचिव असतात, त्यांना नीट सांगा की मीटिंगची तारीख आधी व्हॉट्सॲपवर टाका. भांडू नका, बऱ्याचदा त्यांच्याही हातात पैसा नसतो आणि पालकांचा ठराव असला की त्यांनाही वर मागायला बळ येतं. मीटिंगला पाणी आणि टॉयलेट एवढंच लावून धरा, ठराव प्रोसिडिंगला लिहून घ्या, वाचून घ्या, मगच सही.

मग त्याची कॉपी घेऊन महिला सभेला जा, ग्रामसभेच्या आधी ती घ्यावीच लागते. ग्रामपंचायतीला केंद्राकडून मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतला काही भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला असतो, तेव्हा पैसेच नाहीत म्हणाले तर त्यातलं किती शिल्लक आहे ते विचारा. काम गावाच्या वार्षिक आराखड्यात चढलं पाहिजे, नाहीतर वर्षभर हेलपाटे. ग्रामसभेला मिस्टरांनाही घेऊन जा, ठरावाला हात वर करायला माणसं लागतात.

आणि हो, चावी कुणाकडे राहणार, साफसफाई कोण करणार हेही त्याच ठरावात घाला, नाहीतर पाणी येऊनही महिन्याभरात परत कुलूप लागेल.