जमतंय मला, पण नको

ऑगस्टमधला मंगळवार होता. ओल्या छत्र्या दाराशी ठेवून बापलेक कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आले. वडील खुर्चीत टेकण्याआधीच म्हणाले, "मॅडम, शनिवारी पाचच्या आत सांगायचंय. सीट लागलीया."

मुलीला इथं मी गौरी म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बारावीनंतर तिनं कोल्हापुरातल्याच एका कॉलेजात बी.एस्सी.ला, फिजिक्स घेऊन, प्रवेश घेतला होता. पाच आठवडे झाले होते. मधल्या काळात सीईटीचे कॅप राउंड, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, सुरू होते आणि वडिलांच्या आग्रहानं भरलेल्या ऑप्शन फॉर्मवर तिला मेकॅनिकलची जागा मिळाली होती. ती घ्यायची तर इकडची ॲडमिशन कॅन्सल करायची होती. नाही घ्यायची तर घरी रोज तोच विषय.

बी.एस्सी. की इंजिनिअरिंग, हा प्रश्न दर पावसाळ्यात माझ्यासमोर येतो. पालक विचारतात, "बी.एस्सी. करून पुढं काय?" मुलं विचारतात, "चुकलं तर?" गौरीच्या घरी दोन्ही एकदमच विचारलं जात होतं.

वडील शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात. पहिली चौदा वर्षं मोल्डिंगला, गेली आठ इन्स्पेक्शनला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "बावीस वर्षं वाळूत आणि धुरात काढली मी. इंजिनिअर येत्यात, केबिनमध्ये बसत्यात. पोरीनं केबिनमध्ये बसावं, एवढंच. त्यात आता मुलींना फी बी न्हाई." तेही खरं होतं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली. आधी ती निम्मी माफ होती. कॅपमधून जागा मिळाली असेल तरच ही माफी मिळते, आणि गौरीला ती तशीच मिळाली होती. ज्या बापानं आयुष्यभर फीचा आकडा बघून स्वप्नं आवरती घेतली, त्याला हे दार उघडं दिसत असताना मुलगी पाठ फिरवते म्हणजे काय वाटत असेल, हे मला कळत होतं.

गौरी एकच वाक्य बोलत होती. "मला फिजिक्सच आवडतं." तीनदा म्हणाली, तिन्ही वेळा त्याच शब्दांत. एखादं वाक्य असं घोटून आलं की मी त्याच्या मागचं बघते. विचारलं, "बरं, इंजिनिअरिंगमधलं काय नको आहे?"

ती गप्प झाली. मग चुलतभावाचं निघालं. तो घरातला पहिला इंजिनिअरिंगला गेलेला मुलगा. पहिल्याच वर्षी एम-वन (गणित) आणि ग्राफिक्स (इंजिनिअरिंगचं ड्रॉइंग) राहिलं, केटी, म्हणजे राहिलेले विषय, साचत गेल्या, इयर डाउन झालं आणि शेवटी त्यानं कॉलेजच सोडलं. आता मोबाइलच्या दुकानात असतो. सणावाराला घरात त्याच्या कॉलेजचा विषय कुणी काढत नाही. "मला ड्रॉइंग येत नाही मॅडम," गौरी म्हणाली. "मी बी तसाच अडकलो तर?" (आमच्याकडच्या मुली असंच बोलतात, आलो, गेलो, अडकलो.)

इथं मी थांबले. तिचं फिजिक्सवरचं प्रेम खोटं नव्हतं, पण त्यात भीती मिसळलेली होती, आणि किती मिसळली होती ते तिलाही माहीत नव्हतं. भीतीपोटी घेतलेला निर्णय पुढं फार छळतो. तीन वर्षांनी वर्गातल्या मैत्रिणीला कॅम्पसमधून नोकरी लागते आणि मग रात्री प्रश्न पडतो, मी विज्ञान निवडलं होतं की नुसती ड्रॉइंगला घाबरले होते? या प्रश्नाला तेव्हा उत्तर नसतं. आत्ता मिळवता येतं, चार दिवसांत सुद्धा.

मी तिला दोन कामं दिली. पहिलं, भावाची जुनी ग्राफिक्सची वही आणि ड्रॉइंग बोर्ड मागून घ्यायचा आणि प्रोजेक्शनची, म्हणजे वस्तू समोरून-वरून कशी दिसते त्या चित्राची, एक शीट पूर्ण काढायची, कितीही खाडाखोड झाली तरी. दुसरं, दोन्हीकडची दुसऱ्या वर्षाची पुस्तकं मिळवून एक-एक संध्याकाळ वाचायची. दुसऱ्याच वर्षाची का, तर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात गणित, फिजिक्स, केमिस्ट्री असतंच, त्यावरून काही कळत नाही. मुलं कॉलेजची इमारत, प्लेसमेंटचे फलक, ब्रँचचं नाव बघून ठरवतात. पुढची तीन-चार वर्षं रोज ज्याच्याबरोबर बसायचं ते पुस्तक मात्र कुणी उघडून बघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शुक्रवारी दोघं परत आले. गौरीनं टेबलावर आधी शीट पसरली. पिरॅमिडचं प्रोजेक्शन. रबरानं खोडून खोडून कागद एका कोपऱ्यात पातळ झाला होता, पण रेषा बरोबर होत्या. "दोन रात्री लागल्या," ती म्हणाली. "पहिल्या रात्री रडलो. दुसऱ्या रात्री कळलं कसं बघायचं ते."

मग तिनं प्रॅक्टिकलचं जर्नल काढलं. त्यात एक प्रयोग होता, लोखंडी पट्टी दोन टोकांना टेकवायची, मधोमध वजनं टांगायची, ती किती वाकते ते मोजायचं आणि त्यावरून यंग्ज मॉड्युलस, म्हणजे धातू ताणायला-वाकवायला किती कडक आहे त्याचा आकडा, काढायचा. पोलादासाठी उत्तर २.० गुणिले दहाचा अकरावा घात, याच्या आसपास यायला हवं. तिचं आलं २.० च्या जागी १.८३, म्हणजे साडेआठ टक्के कमी. वर्गात सगळ्यांनी ते गोड मानून जर्नल पूर्ण केलं. तिनं केलं नाही. सूत्रात पट्टीच्या जाडीचा घन येतो, म्हणजे जाडी मोजण्यात ३ टक्के चुकलं तर उत्तरात जवळपास ९ टक्के चुकतं, हे तिच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी लॅब असिस्टंटच्या मागं लागून तिनं स्क्रू गेज परत मागून घेतला. जबडे पूर्ण मिटले तरी तो शून्यावर येत नव्हता. नऊ घरं पुढं दाखवत होता, म्हणजे जाडी जास्त मोजली गेली होती आणि म्हणून उत्तर कमी आलं होतं.

"आणि मॅडम," ती पुढं सरसावून म्हणाली, "इंजिनिअरिंगच्या पुस्तकात बी हीच पट्टी आहे. तेच सूत्र. पण तिथं यंग्ज मॉड्युलस दिलेलाच असतो, तक्त्यातून घ्यायचा. पट्टी किती जाड ठेवली म्हणजे ठरावीक वजनाला जास्त वाकणार नाही, ते काढायचं. गणितं सोडवली मी. सहातली पाच बरोबर आली."

"मग?"

"जमतंय मला," ती म्हणाली. "पण नको. तो तक्त्यातला आकडा आला कुठनं, तेच मला बघायचंय."

मंगळवारचं घोटलेलं वाक्य आता आलं नाही.

हाच गृहपाठ त्याच महिन्यात मी इचलकरंजीच्या एका मुलालाही दिला होता. तो बी.एस्सी.च करायची म्हणून आला होता. पट्टीचं गणित वाचून तो म्हणाला, "आकडा तक्त्यात आहे की, परत कशाला काढायचा?" आणि सायकलच्या कॅरिअरची पट्टी किती जाड हवी याचा हिशोब वहीत करून घेऊन आला. तो इंजिनिअरिंगला गेला आणि ते योग्यच झालं.

वडिलांशी मात्र वेगळं बोलावं लागलं. आवड वगैरे त्यांना पुरणार नव्हती, आणि का पुरावी? त्यांनी विचारलं, "पाच वर्षांनी हातात काय?" मी गोड काही सांगितलं नाही. इंजिनिअरिंगला कॉलेज बरं असेल आणि मुलगी टिकून शिकली तर चार वर्षांत नोकरीची शक्यता उभी राहते. नुसत्या बी.एस्सी.वर तसं होत नाही, पुढं दोन वर्षांची एम.एस्सी. धरूनच चालावं लागतं आणि संशोधनात जायचं तर पीएच.डी.ची वर्षं वेगळी. पाच वर्षांनी तिच्या हातात पदव्या असतील, मोठा पगार बहुतेक नसेल. घराला हे झेपणार आहे का, ते त्यांनी ठरवायचं.

पण दारं बंद होत नाहीत, हेही सांगितलं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला जॅम ही प्रवेश परीक्षा देता येते, तिच्यातून आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येतं. इथंच राहायचं तर १९६२ साली सुरू झालेल्या आपल्या शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा विभाग आहे. बारावीला गणित असलेल्या मुलांना बी.एस्सी.नंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. उलट्या बाजूनंही रस्ता आहे, मुंबईच्या टीआयएफआरसारख्या संशोधन संस्थेत फिजिक्सच्या पीएच.डी.साठी बी.टेक. झालेल्यांचाही विचार होतो. परत फिरायला वर्षं मोडतात, फुकट काही होत नाही. पण अठराव्या वर्षी एकदा चुकलं की संपलं, असं नाही.

"नारळीकर बी कोल्हापूरचेच की," वडील मध्येच म्हणाले. १९३८ साली जयंत नारळीकर इथं जन्मले, याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. तरी मी ते नाव अशा वेळी वापरत नाही. त्यांचे वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख होते, पुढं स्वतः ते केंब्रिजला गेले. ते माप गौरीच्या खांद्यावर ठेवलं तर तिचं स्वतःचं साडेआठ टक्क्यांचं कोडं तिला क्षुल्लक वाटायला लागेल. ते क्षुल्लक नव्हतं.

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जर्नल स्वतःकडं ओढलं, चष्मा लावला आणि बोट ठेवत ओळी वाचायला लागले. स्क्रू गेजच्या ओळीपाशी थांबले.

"झिरो बघितला नव्हतास व्हय आधी?"

"नाही."

"आमच्यात नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी तेच शिकवतो मी. आधी झिरो बघ, मग मालाला हात लाव." जर्नल मिटून त्यांनी तिच्या हातात दिलं. "मला विचारायचं की."

सीटचं काय करायचं, हे माझ्यासमोर कुणीच बोललं नाही. शनिवारी पाच वाजून गेल्यावर गौरीचा मेसेज आला, "बी.एस्सी.च. पप्पा हो म्हणाले."

पण त्या शुक्रवारी दोघं निघाले तेव्हा पाऊस थांबला होता. जिन्यातून खाली जाताना वडिलांचा आवाज येत होता, "पण जाडीचा घन का येतोय त्यात? रुंदीचा का न्हाई?"

आणि गौरी सांगत होती, "थांबा पप्पा, सांगतो. पट्टी वाकली की वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो..."