माजी सैनिकांच्या मानसिक उपचारांसाठी भारतात अमेरिकेसारखा स्वतंत्र कायदा का नाही?

आपण विचारले आहे की अमेरिकेत माजी सैनिकांच्या मानसिक आरोग्यासाठी एकामागून एक कायदे होत असताना आपल्याकडे तसा एकही का नाही, आणि सैन्यातून परतल्यापासून आपले मामा कोणाशी बोलत नाहीत, तर त्यांना कोठे न्यावे. पहिल्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. उपचाराचा हक्क देणारा कायदा आपल्याकडे आहे. सैनिकाला त्या हक्कापर्यंत नेऊन पोहोचवण्याची जबाबदारी मात्र कोणावरच टाकलेली नाही, आणि खरी उणीव तीच आहे.

मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 साली संमत झाला आणि 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 18 ने सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या मानसिक सेवेचा हक्क प्रत्येकाला दिला, कलम 21 ने विमा कंपन्यांना मनाचा आजार शरीराच्या आजाराप्रमाणेच धरायला लावला, आणि कलम 115 ने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्याच्या उपचारांचे व पुनर्वसनाचे कर्तव्य सरकारवर टाकले. शिवाय 1 एप्रिल 2003 पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्ययोजना आहे. पण ती योजना आहे, कायदा नव्हे. तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये जायचे, चिठ्ठी घ्यायची, मग लष्करी किंवा पॅनेलवरच्या रुग्णालयात जायचे, हा सारा मार्ग एका गोष्टीवर उभा आहे: आपल्याला त्रास होतो, हे सैनिकाने स्वतःच्या तोंडाने सांगितले पाहिजे. तेच तो सांगत नाही.

माझा दादा मराठा लाइट इन्फंट्रीत होता. डिचोली तालुक्यातील आमच्या घरी तो पेन्शन घेऊन परतला तेव्हा दिवसा त्याच्याकडे पाहून कोणालाही काही जाणवले नसते. बागेत पाणी सोडायचा, भाचरांना शाळेत पोहोचवायचा. रात्री मात्र तो सोप्यावर खुर्ची टाकून बसे, ठरावीक वेळाने टॉर्च घेऊन घराभोवती फेरी मारी, मागच्या दाराची कडी हाताने ओढून पाही आणि खिशातल्या लहानशा वहीत हिंदीत नोंद करी: ‘रात दो बजे. सब ठीक.’ पुढची ओळ, ‘रात तीन बजे. सब ठीक.’ अशी पानेच्या पाने भरलेली होती. वहिनींनी ती वही मला दाखवली तेव्हा त्यांचा आवाज फुटत नव्हता.

मग झोप यावी म्हणून दारू सुरू झाली. लष्करी कँटीनच्या कार्डावर दर महिन्याला सवलतीच्या दरात बाटल्या मिळतात, आणि गोव्यात ती कमी पडली तर कोपऱ्यावरचे दुकान आहेच. आपल्या व्यवस्थेत निवृत्त जवानाला समुपदेशकापेक्षा रम लवकर मिळते, हे मी संतापाने लिहीत आहे. आमच्या काकांचे म्हणणे असे की दादा दारू पितो म्हणून त्याचे डोके फिरले, दारू सोडली की सर्व ठीक होईल, आणि ‘वेड्यांच्या इस्पितळाचा’ कागद घरात आला तर मुलीला स्थळ येणार नाही. मी म्हणत होतो की तो झोपत नाही म्हणून पितो. वर्षानुवर्षे चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळे घरी जमले की हा वाद व्हायचा, आणि दादा तेथेच मान खाली घालून गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधत असायचा. पुढे एका कचेरीत मदत मागायला गेलो, तर तेथील साहेबांनीही काकांचेच शब्द उच्चारले: ‘दारू सोडा, योगासने करा.’ त्यानंतर दादाने कोठेही येण्यास साफ नकार दिला.

अखेर वहिनींच्या हट्टापायी तो बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत आला. तेथील तरुण डॉक्टरबाईंनी दारूविषयी काहीच विचारले नाही. त्यांनी वही शांतपणे चाळली आणि विचारले, ‘ही ड्युटी तुम्हांला कोणी लावली?’ दादा बराच वेळ गप्प राहिला आणि मग बोलू लागला. त्याने जे सांगितले ते त्याचे आहे, मी ते येथे लिहिणार नाही. औषधांनी आणि बोलण्याने, पुष्कळ चढउतारांनंतर, तो आता रात्री झोपतो.

म्हणून अमेरिकेकडून नेमके काय घ्यायचे, याविषयी मी आग्रही आहे. तेथे 2020 मध्ये झालेल्या कॉम्पॅक्ट कायद्यानुसार आत्महत्येच्या कड्यावर असलेल्या माजी सैनिकाला जवळच्या रुग्णालयात 30 दिवसांपर्यंत भरती राहून आणि त्यानंतर 90 दिवसांपर्यंत बाहेरून मोफत उपचार घेता येतात, आणि त्यासाठी आधी सरकारी आरोग्ययोजनेत नाव नोंदवलेले असण्याची अट नाही. त्याहून मोलाची मला वाटते ती सॉलिड स्टार्ट ही व्यवस्था, जिला 2022 मध्ये कायद्याचे बळ मिळाले: सेवा सोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षात सरकारच सैनिकाला तीन वेळा फोन करून विचारपूस करते. दादाला कोणी असा फोन केला असता, तर त्या वहीची निम्मी पाने कोरी राहिली असती. आपल्याकडे अग्निवीरांचा प्रश्न तर याहून बिकट आहे, कारण चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या त्या मुलांना पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. त्यांना असे सोडून देणे मला अन्यायाचे वाटते.

फोनवर बोलणारी माणसे आणायची कोठून, असे कोणी विचारील. याच गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्यकेंद्रांत नैराश्यावर आणि घातक मद्यपानावर उपचार केले, आणि त्याचे चांगले निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केले. निवृत्त सुभेदारांना हेच शिक्षण देता येईल.

काकांच्या वादाचा निकालही 2017 च्या कायद्यातच आहे. कलम 2 मधील मानसिक आजाराच्या व्याख्येत मद्य आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था स्पष्टपणे समाविष्ट आहेत. म्हणजे आधी दारू की आधी आजार, याचा घरच्यांनी निवाडा करीत बसण्याचे कारणच नाही; दोन्ही बाजूंनी माणूस उपचाराला पात्र आहे. मी ते कलम काकांना वाचून दाखवले आहे. त्यांनी अद्याप मान्य केलेले नाही.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही, आणि प्रत्येक अबोल सैनिक आजारी असतो असेही नाही. तरी मामांसाठी 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक जवळ ठेवावा; सैन्यदलांशी संबंधित लोकांसाठी पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) तिचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर 2023 मध्ये सुरू झाला. ते फोन करणार नसतील तर आपण करावा. त्यांची डिस्चार्ज बुक आणि सुटतेवेळच्या वैद्यकीय मंडळाच्या अहवालाची प्रत शोधून ठेवावी. आजाराचा सेवेशी संबंध नाही असा शेरा मारून अपंगत्व पेन्शन नाकारली गेली असेल, तर धरमवीर सिंग प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा निकाल वकिलाला दाखवावा: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे, असे त्यात म्हटले आहे. गोव्याची अशी प्रकरणे सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे जातात.